मदत हवी आहे: श्रावण लागायच्या आत स्टेक-बर्गर खायचं आहे, परवडणारं ठिकाण सांगा

पाणंद
लवकर सांगा, शनिवार तोंडावर आला आहे. आम्हा मित्रांना स्टेक आणि बर्गर खायला जायचं आहे. श्रावण लागला की आमच्यातले दोघं महिनाभर सामिष खात नाहीत, त्यामुळे हाच शनिवार. पावसाळ्यात एकदा तरी रोजच्यापेक्षा वेगळं खायला सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं ही आमची जुनी पद्धत आहे. चायनीज झालं, तंदूर झालं, या वेळी नीट भाजलेला स्टेक, म्हणजे मांसाचा अख्खा जाड तुकडा, खायचा असं ठरलंय. खर्च फार नको. जवळपास कुठे मिळेल? नेटवर शोधलं की सगळी उत्तरं मुंबई-पुण्याची येतात. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच सांगावं. आणि कृपया मासे सुचवू नका.

आंबोळी
जवळपास म्हणजे कुठून? कोकण अलिबागपासून बांद्यापर्यंत पसरलंय. माणसं किती, गाडी आहे का, आणि "फार नको" म्हणजे माणशी तीनशे की हजार? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

बांगडो_तळलेलो
अरे, मालवणात येवन बर्गर कित्याक? सुरमयची तळलेली तुकडी खावा, सोलकढी पिया आणि घराक जावा. ह्येच्यापेक्षा बरां काय असा?

खाडीकाठ
@बांगडो_तळलेलो, आत्ता सुरमई कुठली? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. हॉटेलात सध्या जी मोठी तुकडी येते ती बहुतेक बर्फातली. धागाकर्ता मासे नको म्हणतोय ते या दिवसांत बरोबरच आहे.

बांगडो_तळलेलो
खाडीतली शेंगटी, पालू गावता की. बंदी यांत्रिक होड्यांका, गरयेक नाय.

पाणंद
कुडाळहून. पाच जण, गाडी आहे. माणशी पाचशे, ताणून सहाशे. मासे नकोत हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

लाल_माती
मग मांडवी एक्स्प्रेसने मडगावला जा. कुडाळला थांबते. फक्त लक्षात ठेवा, सध्या कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू आहे. गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळा बदललेल्या असतात. जुन्या वेळेवर विसंबून स्टेशनवर गेलात तर चुकामूक होईल. येताना बसायला जागा मिळणं कठीण, त्यामुळे परतीचं आरक्षण आधी करा.

पाणंद
गाडी आहे हो.

सिंधुकिनारा
तारकर्ली-देवबाग पट्ट्यात जा. पर्यटकांसाठी बर्गर, पास्ता, फ्राइज सगळं ठेवतात. डिसेंबरमध्ये आम्ही खाल्लं होतं, चांगलं होतं. किनाऱ्यावर बसून खायला मजा येते आणि कुडाळहून तासाभराचा रस्ता.

आंबोळी
@सिंधुकिनारा, डिसेंबरचा अनुभव जुलैला कसा चालेल? किनाऱ्यावरच्या झोपड्या पावसाआधी उतरवतात. होमस्टे चालू असतील तिथे घरगुती जेवण मिळेल, बर्गर मिळायची शक्यता कमी. गोव्यातही तेच, शॅकचा हंगाम मे अखेर संपतो. त्यामुळे जे शोधायचं ते गावातलं, पक्क्या इमारतीतलं, बारमाही चालणारं शोधा.

तवा_बिडाचा
मला एक विचारायचं आहे आणि त्याच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे. तुमच्यातले किती जण मोठ्याचं, म्हणजे गाय-म्हशीचं मांस, खातात?

पाणंद
तिघं खातात. एक जण फक्त चिकन. एक जण शाकाहारी आहे, पण तो सगळीकडे आमच्याबरोबर येतो, त्याला व्हेज बर्गर मिळाला की झालं.

तवा_बिडाचा
मग सिंधुदुर्गात फिरण्यात वेळ घालवू नका. राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस-रेडा त्या बंदीत येत नाही, पण लहान गावातला हॉटेलवाला ते मेनूवर ठेवायच्या फंदात पडत नाही. गिऱ्हाईक थोडं, वाद नको. म्हणून आपल्याकडे मेनूवर स्टेक लिहिलेलं दिसलं तरी ताटात बहुतेक वेळा चिकनचा ब्रेस्ट, वर मश्रूमचा सॉस, असंच येतं. ते वाईट असतं असं नाही, पण तुम्ही ज्यासाठी निघालाय ते नव्हे. सरळ बांदा ओलांडून म्हापसा किंवा पणजी गाठा. तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या साध्या खानावळींत स्टेक हा रोजचा पदार्थ आहे, पर्यटकांसाठी सजवलेला नाही, त्यामुळे दरही आवाक्यात असतात. कलंगुट-बागा किनारा टाळा, तिथे त्याच तुकड्याला जागेचे पैसे पडतात.

पुणेरी_पाहुणा
एवढं लांब कशाला? सिझलर खा. पुण्यात कॅम्पात मोलेदिना रोडला मिळतो तसा सिझलर मिळाला तर स्टेकची आठवणही येणार नाही. कुडाळ-सावंतवाडीतही आता दोन-तीन हॉटेलांच्या बोर्डावर सिझलर दिसतो. खाली कोबीची पानं, तापलेली लोखंडी थाळी, धूर, सॉस. पाच जणांत दोन थाळ्या पुरतात, बजेटमध्ये बसतं.

तवा_बिडाचा
सिझलर मलाही आवडतो, पण तो स्टेकची जागा घेऊ शकत नाही. स्टेकमध्ये मांस किती भाजायचं हे खाणारा सांगतो आणि आचेवरून उतरवल्यावर ते पाच मिनिटं विश्रांतीला ठेवायचं असतं, म्हणजे रस आत मुरतो. सिझलरमध्ये तुकडा टेबलावर येईपर्यंत आणि आल्यावरही तापल्या लोखंडावर शिजतच राहतो. मीडियम (आत गुलाबी राहणारा) मागवला तर दोन घासांत वेलडन (आतपर्यंत पूर्ण भाजलेला) झालेला असतो. म्हशीच्या मांसात चरबीच्या रेषा फार कमी, ते जास्त भाजलं की चिवट होणारच. वर गोड-तिखट सॉस ओतला की मांसाची चव संपली.

पुणेरी_पाहुणा
तुम्ही सगळ्या सिझलरना एकाच मापाने मोजताय. चांगल्या ठिकाणी थाळी वेगळी तापवतात, मांस वेगळं भाजतात आणि अगदी शेवटी एकत्र करतात. शिवाय पाचांतल्या दोघांना मोठ्याचं चालत नाही. सिझलरमध्ये चिकन, पनीर, भाज्या सगळं असतं. मित्रांबरोबर जायचं तर सगळ्यांचा विचार नको का?

आंबोळी
त्याला खरा स्टेक हवा आहे, ते तिघांना मिळू दे. बाकी दोघांना बर्गर. यात भांडण्यासारखं काही नाही.

गावठी_अंडं
माझा सल्ला, घरीच करा. पाच जणांचे अडीच-तीन हजार घालवण्यापेक्षा त्याच्या निम्म्यात होईल. बर्गरसाठी खाटकाकडून मटणाचा खिमा घ्या आणि त्यातच थोडी चरबी घालून एकदाच जाडसर काढायला सांगा. पाच भाग मांसाला एक भाग चरबी असली की टिक्की कोरडी पडत नाही. खिमा कणकेसारखा मळू नका, हलक्या हाताने गोळा करून चपटा करा, आणि मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी, वरून. मीठ घालून मळलं की टिक्की रबरी होते. कांदा-कोथिंबीर-अंडं घातलंत तर ते कटलेट झालं, तेही छान लागतं पण वेगळं. पाव बेकरीतला ताजा घ्या, आडवा कापून लोण्यावर आतली बाजू लाल करा म्हणजे रस पिऊन फुटत नाही.

पाणंद
रेसिपी चांगली आहे, पण घरी करायचं नाही. बाहेर जायचं आहे.

औषधी_कट्टा
स्टेक कच्चट खाल्ला तर चालतो म्हणून बर्गरही तसाच मागवाल, म्हणून लिहिते. जंतू बहुतेक मांसाच्या पृष्ठभागावर असतात. अख्खा तुकडा बाहेरून कडक भाजला की ते मरतात, आत गुलाबी राहिला तरी धोका कमी. खिमा करताना मात्र बाहेरचं सगळं आत मिसळतं. म्हणून खिम्याची टिक्की मध्यापर्यंत ७१ अंश सेल्सियसला पोहोचली पाहिजे आणि चिकन ७४ला. आपल्याकडे पावसात वीज तासन्तास जाते. गोठवलेल्या टिक्क्या एकदा वितळून परत गोठल्या असतील तर बघून कळत नाही. जनरेटर आहे का, टिक्की ताजी करता की पाकिटातली, हे विचारायला संकोच करू नका. ज्याला चिकन बर्गर खायचा आहे त्याने तो मधून तोडून बघावा.

लाल_माती
बर्गरवरून आठवलं. मॅकडोनाल्डने १९९६ साली भारतात सुरुवात केली ती गोमांस आणि डुकराचं मांस वगळून. महाराजा मॅकमध्ये सुरुवातीला मटण असायचं, नंतर चिकन आलं. आपल्या मुलांनी बर्गर म्हणून जे पहिल्यांदा खाल्लं ते बटाट्याच्या टिक्कीचं. त्यामुळे तुमच्या शाकाहारी मित्राची काळजी सोडा, व्हेज बर्गर कुठेही मिळेल.

खाडीकाठ
भारतात बर्गर त्याच्या आधीपासून आहे. दिल्लीत निरुलाज या हॉटेलात लोक कितीतरी आधी खात होते.

लाल_माती
दिल्लीचं मला माहीत नाही, मी आपल्याकडचं म्हणतोय.

पैसा_वसूल
बजेटचं कुणीच नीट बोललं नाही. मेनूतल्या दरावर जाऊ नका. ५ टक्के जीएसटी वर लागतो. त्याशिवाय मागे एका कॅफेत आमच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावला होता आणि काढायला सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. शांतपणे सांगा, काढून देतात. त्यांनी नाहीच ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो.

पाणंद
हे उपयोगी आहे. पण ठिकाण? गोव्यात जायची तयारी आहे, पावसात किती वेळ लागेल? आणि तिथे गेल्यावर खरंच चांगलं मिळेल हे आधी कसं ओळखायचं?

तवा_बिडाचा
कुडाळ ते म्हापसा हायवेने एरवी दीड तास, पावसात दोन तास धरा. निघायच्या आदल्या दिवशी फोन करा. सगळ्यात आधी मांस कुठल्या भागाचं आहे ते विचारा. "अंडरकट" असं उत्तर आलं तर निर्धास्त जा. तो पाठीच्या आतला, कमी हालचालीचा भाग असतो म्हणून मऊ. नुसतं "बोनलेस आहे" म्हणाले तर तो कुठलाही भाग असू शकतो. मग जाडी विचारा. बोटाच्या एका पेराएवढी तरी हवी, पातळ असेल तर बाहेर रंग येईपर्यंत आतून वाळून जातो. आणि किती भाजू हे ते स्वतःहून विचारतात का ते बघा. जिथे तो प्रश्न येतो तिथल्या स्वयंपाकघरात स्टेक नेहमी होतो असं समजायला हरकत नाही. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी मीडियम मागवावा. अंडरकट थोडाच निघतो आणि शनिवारी दुपारीच संपतो, म्हणून तीन तुकडे बाजूला ठेवायला सांगा. तिथली साधी ठिकाणं दुपारी तीनच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी उघडतात, तेव्हा एकच्या आत पोहोचा.

एक विनंती. आवडलं म्हणून कच्चं मांस बांधून आणू नका, तिथेच खा. पावसात दोन तास डिकीत ते टिकत नाही, आणि कायद्याचा घोळ वेगळा.

बांगडो_तळलेलो
बाटली पण हाडू नकात. इन्सुली नाक्यार तपासतत. आणि जो गाडी चालवतलो तेणां पिऊचा नाय.

पुणेरी_पाहुणा
म्हापशात जाताय तर शुक्रवारी जा, बाजाराचा दिवस असतो. चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज), ताजे पोई पाव, सगळं मिळेल.

आंबोळी
तो शनिवार म्हणतोय ना.

पाणंद
म्हापशातल्या दोन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी कुठलं मांस विचारल्यावर "सगळं मिळतं" एवढंच म्हणाले, सोडून दिलं. दुसऱ्या ठिकाणी एक बाई बोलल्या. अंडरकट आहे, फ्राइज आणि सॅलडसकट, आणि मी विचारायच्या आधीच त्यांनी कसा भाजू ते विचारलं. तीन ठेवायला सांगितलेत, तिन्ही मीडियम. चिकन बर्गरची टिक्की तिथेच करतात. व्हेज बर्गर नाही, पण मश्रूम घालून चीज टोस्ट करून देतील. मित्राला विचारलं, तो खूश आहे. हिशोब माणशी साडेपाचशेच्या आसपास जातोय, सर्व्हिस चार्ज लावत नाहीत. शनिवारी दहाला निघतोय.

तवा_बिडाचा
उत्तम. स्टेक आला की आधी सॉस न लावता एक घास खा. सुरी धाग्यांच्या आडवी चालवा.

सिंधुकिनारा
जाऊन आल्यावर पत्ता इथे टाका. आणि लहान मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का तेही बघा, आम्हाला गणपतीनंतर जायचं आहे.

गावठी_अंडं
मोड आलेल्या मटकीच्या टिक्कीचा व्हेज बर्गर मी करते. मित्रासाठी कृती हवी असेल तर सांगा, वेगळा धागा काढते.