पावसात रोजचं ऑफिस, रविवारी सिंहगड: हब गिअर की डिरेलर?

प्रश्न
पुण्यात रोज जाऊन-येऊन २४ किमी. पावसाळ्यात चिखल बसून चेन दात्यांवरून उड्या मारते, म्हणून डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा) सोडून शिमानो नेक्सस ८ हबची, म्हणजे आठही गिअर मागच्या चाकाच्या मध्यभागी बंद असलेली सायकल बघतोय. रविवारी सिंहगड चढायचा असतो. झेपेल का? आणि पंक्चर झालं तर मागचं चाक काढणं फार कटकटीचं असतं म्हणे?

उत्तर १
नेक्सस ८ ची रेंज (सर्वात वरचा गिअर खालच्याच्या किती पट) ३०७ टक्के, म्हणजे पुढे एक चकती आणि मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) असते जवळपास तेवढीच. अडचण खालच्या गिअरची आहे. पहिला गिअर ०.५२७, म्हणजे मागची चकती एकदा फिरली की चाक जेमतेम अर्धी फेरी फिरतं. पुढे ३८, मागे १९ दाती धरली तर ७००×३५ च्या चाकावर पॅडलच्या एका फेरीत सुमारे २.३ मीटर जाल. पुढे तीन चकत्यांच्या सायकलीवर पुढे २८, मागे ३४ ला हेच १.८ मीटर. उभ्या चढावर हा अर्धा मीटर गुडघ्यांना बरोबर कळतो. मागे आणखी मोठं स्प्रॉकेट (दात्यांची चकती) लावायचा मोह होईल, पण पुढची दाती मागच्यांच्या साधारण दुपटीच्या खाली नेऊ नका. हबवर टॉर्क (फिरवणारा जोर) वाढतो आणि आतले भाग लवकर जातात. चढावर गिअर टाकताना पाय क्षणभर सैल सोडायचा, हेही अंगवळणी पाडावं लागेल.

उत्तर २
चिखलाला दोष देण्याआधी चेन मोजा. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या ३०४.८ मिमी भरतात. ३०६.५ च्या पुढे गेली तर बदला. ३०८ झाली असेल तर कॅसेटही गेली समजा, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन हमखास उडते.

हबला काहीच करावं लागत नाही ही थाप आहे. केबल ताणली जाते. गिअर ४ वर ठेवून हबवरच्या दोन पिवळ्या रेघा समोरासमोर आणायच्या, मग १ वर जाऊन परत ४ वर येऊन पुन्हा बघायचं. रेघा हललेल्या असताना जोर लावलात तर गिअर सटकतो. आणि वॉशिंग सेंटरचा फवारा हबवर अजिबात नको, सीलमधून पाणी आत जातं.

उत्तर ३
पंक्चरला चाक काढायची गरजच नाही. टायरची एक बाजू रिमबाहेर काढून ट्यूब ओढा आणि ठिगळ लावा, आपले पंक्चरवाले करतात तसं. ट्यूबच बदलायची असेल तर मात्र गिअर १ वर, केबल सोडा, १५ मिमीच्या पान्याने नट सोडून चाक काढा. अक्षावरचे न फिरणारे वॉशर डावे-उजवे वेगळे असतात, काढतानाच फोटो काढून ठेवा. परत बसवताना चेन वर-खाली १०-१५ मिमी हलली पाहिजे.

प्रश्नकर्ता
चेन मोजली. ३०८ ला टेकली आहे. आधी चेन-कॅसेट बदलतो, हबचं मग बघू.