फोर्ज केलेल्या (तापवून ठोकलेल्या) एसएसवरची, म्हणजे स्टेनलेस स्टीलवरची, काळी पपडी कशी काढायची?

भट्टीवाला: मंडळी मदत हवीय. ३०४ ग्रेडच्या एसएस रॉडमधून दाराच्या कड्या आणि हुक ठोकून काढतो. एमएसची (साध्या स्टीलची) पपडी ठोकताठोकता बरीचशी झडते पण एसएसची काही केल्या सुटत नाही. ग्राइंडरला वायर ब्रश लावला, चकाकी मस्त आली, पण गिऱ्हाईकाचं घर रत्नागिरीत समुद्राजवळ, एका पावसाळ्यात कड्यांवर तांबूस ठिपके. एसएसला गंज का यावा? बाथरूमच्या अ‍ॅसिडात बुडवू का? घणाचे ठोके मात्र दिसायला हवेत, आरसा पॉलिश नकोय.

फॅब्रिकेटर_भोसरी: ब्रश साधा लोखंडी होता का? मग तारेचे कण एसएसवर घासले जातात, रुतून बसतात, तेच आधी गंजतात. एसएसला एसएसचाच ब्रश, आणि एमएसवर फिरलेली डिस्क तर अजिबात नको. पण खरी मेख पपडीखाली आहे. तापताना वरच्या कातडीतलं क्रोमियम पपडीत जातं, म्हणजे खाली उरतो तो क्रोमियम कमी झालेला पातळ थर. गंज अडवायला साधारण १०.५ टक्के तरी क्रोमियम लागतं. तो थर काढल्याशिवाय सुटका नाही. बाथरूमचं अ‍ॅसिड मुळीच नको, त्यातल्या क्लोराइडने टाचणीएवढे खड्डे पडतात.

भट्टीवाला: मग पिकलिंग पेस्ट, तो पपडी काढायचा अ‍ॅसिडचा लेप?

केमवाली_ताई: दादा, काम होईल पण त्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि त्याची मला खरंच भीती वाटते. पातळ असेल तर हातावर पडल्यावर लगेच आग होतेच असं नाही, तास गेल्यावर कळतं, तोवर ते आत उतरलेलं असतं, रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि हृदयापर्यंत धोका. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (हे अ‍ॅसिड लागलं तर लावायचं), फेसशिल्ड, योग्य हातमोजे नसतील तर डबा उघडूच नका. एमआयडीसीत पिकलिंग जॉबवर करून देतात, तिथे द्या.

फॅब्रिकेटर_भोसरी: ताईंशी सहमत. नाहीतर ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारणं) करा, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड पण कोरं, ज्याने आधी लोखंड मारलंय ते नको आणि स्टील शॉट (स्टीलचे छर्रे) तर नकोच. पपडी गेल्यावरही थोडं अजून मारा, म्हणजे तो कमकुवत थरही जाईल, मग ग्लास बीडने (काचेच्या बारीक मण्यांनी) मऊसर फिनिश येतं, ठोके जसेच्या तसे. शेवटी लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, ५०-६० अंशाला अर्धा तास, भांडं प्लास्टिकचं किंवा एसएसचं, नंतर भरपूर स्वच्छ पाणी. सायट्रिकने पपडी निघत नाही हां, ते फक्त मोकळं लोखंड धुऊन काढतं.

भट्टीवाला: ठोकून झालं की मी राखेत हळूहळू गार करतो, ते बरोबर ना?

फॅब्रिकेटर_भोसरी: नाही! ३०४ साठी उलटं. ८५० ते ४५० अंशांत रेंगाळलं की धातूच्या आतल्या कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड बनतं आणि तिथूनच गंज शिरतो. १०५० च्या आसपास नीट तापवून थेट पाण्यात. आणि कोकणातल्या ऑर्डरला ३१६ ग्रेडच घ्या, त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत बराच फरक पडतो. रॉड महाग पडेल, तो भाव गिऱ्हाईकाला आधीच सांगा.