कॅज्युअल्टीत राडा: आधी गार्ड की आधी बोलणं?

चहाटपरी: मार्च २०१७ आठवतंय का? धुळ्याच्या सरकारी हॉस्पिटलात डोक्याला मार लागलेला पेशंट आला, न्यूरोसर्जन नव्हता, डॉक्टर म्हणाला दुसरीकडे न्या, तर जमावाने त्यालाच बेदम मारलं, डोळ्याला जबर इजा. राज्यभरचे निवासी डॉक्टर मास लीव्हवर गेले, मग सुरक्षा बलाचे जवान आले, पेशंटमागे नातेवाइकांना दोनच पास आले. ठीक आहे, पण आजही राडे होतातच ना. माझं मत सरळ आहे, गार्ड मारामारी झाल्यावर पळत येतो, त्याआधीचा अर्धा तास नातेवाइकांशी कोणीच बोलत नाही. तो अर्धा तास सांभाळायला पगारी माणूस ठेवा.

आरएमओ_रात्रपाळी: बोला म्हणणं सोप्पंय हो. एका हाताने सीपीआर देतोय (बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती दाबणं), बाजूला पॉयझनिंगची केस, सिस्टर एकटी, आणि वीस जण पडद्याच्या आत मोबाईल घेऊन शूटिंग करतायत. तिथे मी कुणाची समजूत काढू? डॉक्टर-हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा कायदा २०१० पासून आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र, मोडतोड केली तर दुप्पट भरपाई. आधी एफआयआर तर घ्या वेळेवर! चौकीत नेऊन 'मिटवून घ्या साहेब' हेच ऐकायला मिळतं.

चहाटपरी: अहो तुम्ही बोला असं म्हटलंच नाही मी, पगारी माणूस म्हटलंय. नीट वाचा की.

नातेवाईक_क्र१: आमची बाजू पण ऐका. वडिलांना आत नेलं आणि दार बंद, जो बाहेर येतो तो 'सर सांगतील' म्हणून निघून जातो, सर कोण ते कळत नाही. मग एक पोरगा आला, बहुतेक इंटर्न असावा, कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या ईसीजीची सरळ रेघ दाखवली आणि 'गेले' म्हणाला. आम्ही हात उचलला नाही पण माझ्या चुलतभावाच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला माहितीये.

आरएमओ_रात्रपाळी: म्हणजे चूक आमचीच! अभिनंदन.

सिस्टर_कॅज्युअल्टी: दोघेही थांबा जरा. पहिली शिवी डॉक्टरला नाही, सिस्टरला आणि वॉर्डातल्या मावशीला बसते. आणि सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस बहुतेक वेळा पेशंटचा सख्खा नसतोच, तो शेवटी आलेला असतो, गावाकडून नाहीतर पक्षाच्या ऑफिसातून, त्याला आधीचं काहीच माहीत नसतं. त्याच्याशी वाद घालू नका. 'घरचं जवळचं कोण?' असं विचारायचं, त्या एकदोघांना खोलीत घेऊन बसवायचं, आपणही बसायचं, उभं राहून बोललं की वाकडंच ऐकू येतं. 'शांत व्हा' तर अजिबात म्हणायचं नाही, माणूस अजून पेटतो. पेशंट सिरियस आहे हे आधीच दोनदा सांगून ठेवायचं, एकदम शेवटची बातमी द्यायची नाही. सीपीआर चालू असताना एकाला लांबून बघू दिलं तर 'छातीवर मारलं' असा आरोप पण होत नाही. ज्याच्या तोंडाला दारूचा वास येतोय किंवा हातात काही आहे तिथे मात्र हे काही चालत नाही, सरळ मागे सरकायचं, दाराकडची बाजू आपल्याकडे ठेवायची आणि गार्डला हाक.

चहाटपरी: हेच तर म्हणतोय मी!

आरएमओ_रात्रपाळी: सिस्टर, तुमचं पटतं, पण रात्री दोन वाजता ती खोली कुठली? आमच्याकडे त्या खोलीत तुटक्या ट्रॉल्या ठेवल्यात. समाजसेवा अधीक्षकाची (पेशंट-नातेवाइकांना मदत करणारा हॉस्पिटलचा माणूस) ड्युटी संध्याकाळीच संपते. २०१९ पासून एमबीबीएसला संवादकौशल्य शिकवतात खरं, पण छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर त्या पोराच्या तोंडून गोड शब्द निघणार कुठून?

नातेवाईक_क्र१: गोड नकोच ओ. 'अजून प्रयत्न चालू आहेत, दहा मिनिटांनी परत सांगतो' एवढं कोणी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आरएमओ_रात्रपाळी: ते दहा मिनिटांनी सांगणारा माणूस रात्रपाळीला द्या, मी सही करतो अर्जावर. गार्ड काढा मात्र म्हणू नका.