‘क्रेमिनी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : सोलापुरातील एका उपाहारगृहाचे मेनूकार्ड मराठीत करताना ‘क्रेमिनी’ हा एका मशरूमचा शब्द आला. सहकाऱ्यांनी ‘धिंगरी’ सुचवले, मला ‘भूछत्र’ बरे वाटले. योग्य शब्द कोणता, आणि त्याच कार्डावरील ‘पोर्टोबेलो’ ही निराळी जात समजावी काय?

उत्तर : ‘धिंगरी’ येथे चालणार नाही, ते पेंढा भरलेल्या टांगत्या पिशव्यांत वाढणाऱ्या, शिंपल्याच्या आकाराच्या अळिंबीचे (मशरूमचे) नाव आहे. क्रेमिनी हा आपल्या नेहमीच्या बटन मशरूमचाच तपकिरी प्रकार असून दोहोंचे शास्त्रीय नाव ‘अगॅरिकस बायस्पोरस’ हे एकच आहे. किंबहुना तपकिरी रंगच मूळचा. पांढरा वाण १९२०च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात आपसूक निपजला आणि पुढे बाजारात त्याचीच चलती झाली.

पोर्टोबेलोही निराळी जात नव्हे. टोपी उलटी करून पाहिली, तर क्रेमिनीत देठापासून टोपीच्या कडेपर्यंत पातळ पापुद्रा ताणलेला दिसतो. तीच अळिंबी आणखी काही दिवस वाढू दिली की हा पापुद्रा फाटतो, टोपी पसरून तळहाताएवढी होते आणि खालचे गुलाबीसर पदर गडद चॉकलेटी होतात. एवढ्या फरकावर बाजाराने दोन नावे आणि बहुधा दोन भावही लावले आहेत!

‘भूछत्र’ चुकीचे नाही, परंतु त्यात रानातले, विषारी, सगळेच येते आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘कुत्र्याची छत्री’ डोकावते, जे जेवणाच्या टेबलावर नको. कृषी विद्यापीठांच्या लेखनात ‘अळिंबी’ रूढ आहे. म्हणून ‘तपकिरी बटन अळिंबी’ असे लिहावे, आणि ‘पोर्टोबेलो’ तसेच ठेवावे.

आणखी एक प्रतिसाद : वरील मताशी सहमत आहे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक अळिंबीला ‘पुट्टगोडुगु’, म्हणजे वारुळावरची छत्री, म्हणतात, तर कन्नडमध्ये ‘अणबे’ हा शब्द आहे. तेलुगू नाव पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळिंबीला चपखल बसते. तपकिरी बटन मात्र कंपोस्टवर वाढते आणि फळधारणेला तिला साधारण १५ ते १८ अंश तापमान लागते, जे सोलापुरात वातानुकूलित खोलीवाचून साधणे कठीण. तरीही तेलुगू भाषक तो शब्द सर्रास सगळ्याच अळिंब्यांना वापरतात, त्यामुळे कार्ड तेलुगूतही छापायचे असल्यास त्याआधी रंगवाचक विशेषण जोडले की पुरे.