लास व्हेगसची पहिली सहल: तुम्ही आखणी कशी केलीत?

सिअ‍ॅटल

येत्या एप्रिलमध्ये माझे आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे येत आहेत. ते दोघे, आम्ही दोघे आणि आमचा सात वर्षांचा मुलगा अशा पाच जणांनी लास व्हेगसला तीन रात्री राहून यावे, असे घाटते आहे. आमच्यापैकी कोणीही तिथे कधी गेलेले नाही, आणि दिवाळीतल्या तीन पत्तीपलीकडे जुगाराशी आमच्या घराचा संबंध आलेला नाही. ‘मुलगी तुम्हाला जुगाराच्या गावाला कशाला नेते आहे?’ असे एका मैत्रिणीने विचारल्यापासून आई जरा अस्वस्थ आहे. बाबांचा उत्साह मात्र दांडगा आहे, कारण त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली आणि व्हेगसपासून पाऊण तासावर हूवर धरण आहे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

थोडे वाचन मी केले आहे. १९०५ मध्ये रेल्वेने भूखंडांचा लिलाव केला आणि हे गाव वसले. १९३१ मध्ये नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी धरणाचे काम सुरू झाले. वाळवंटातल्या या गावाचे नशीब या दोन गोष्टींनी पालटले. पण वाचून आखणी होत नाही. कोणत्या दिवशी जावे, कुठे उतरावे, वयस्कर माणसांना आणि मुलाला घेऊन तिथे कसे वावरावे, आणि खेळायचे झाल्यास किती व कसे, हे जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगावे, अशी मनापासून विनंती आहे. जे चुकले तेही लिहावे, कारण त्याचाच अधिक उपयोग होईल.

सॅन होजे

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी सर्वांत मोठी चूक तारखांची झाली. शुक्रवार-शनिवारची खोली आणि सोमवार-मंगळवारची खोली यांच्या दरांत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो, हे मला माहीत नव्हते. जानेवारीतले इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे प्रदर्शन आणि २०२३ पासून नोव्हेंबरमध्ये होणारी फॉर्म्युला वन शर्यत या दिवसांत तर साध्या हॉटेलचे दरही डोळे पांढरे करतात. म्हणून आधी त्या आठवड्यात शहरात कोणते अधिवेशन आहे ते पाहावे आणि मग विमानाची तिकिटे काढावीत. शक्य असेल तर रविवारी पोहोचून बुधवारी निघावे.

दुसरी गोष्ट रिसॉर्ट फीची, म्हणजे हॉटेलातल्या सोयींसाठीच्या सक्तीच्या शुल्काची. खोलीच्या भाड्यावर दर रात्री साधारण ४० ते ५५ डॉलर ही रक्कम लागते आणि तिच्यावर सुमारे १३ टक्के कर बसतो. तुम्ही पोहण्याच्या तलावाकडे फिरकला नाहीत तरी ती द्यावी लागते. माझ्या पहिल्या मुक्कामात ही रक्कम मला काउंटरवर उभे राहिल्यावर कळली आणि तीन रात्रींचा हिशेब जागच्या जागी कोलमडला. मे २०२५ पासून अमेरिकी सरकारच्या नियमानुसार अशा सक्तीच्या शुल्कासह पूर्ण दर सुरुवातीलाच दाखवणे बंधनकारक झाले आहे. तरीही पैसे भरण्यापूर्वी शेवटचा आकडा पाहावा. चेक-इनच्या वेळी हॉटेल तुमच्या कार्डावर काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवते आणि ती मोकळी व्हायला पुढे काही दिवस जातात. त्यामुळे तिथे डेबिट कार्ड देऊ नये. ते दिले तर तुमच्याच खात्यातले पैसे तुम्हाला सहलीत वापरता येत नाहीत.

आणखी एक. ज्या रस्त्याला आपण सगळे व्हेगस म्हणतो ती स्ट्रिप मुळात लास व्हेगस शहराच्या हद्दीत नाही. तिचा कारभार थेट क्लार्क काउंटी, म्हणजे जिल्हा प्रशासन, पाहते. शहराचा जुना गाभा म्हणजे फ्रीमाँट स्ट्रीट, आणि तो तिथून काही मैल उत्तरेला आहे. ‘डाउनटाउन’ हा शब्द वाचून मध्यवर्ती समजून तिथली स्वस्त खोली घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. ती जागा वाईट नाही, पण रोजची ये-जा पदरी पडते.

डॅलस

मी माझ्या आई-बाबांना नेले होते, म्हणून तुमच्या प्रश्नाशी माझा अनुभव अधिक जुळेल. पहिल्या दिवशी मी त्यांना चालवून चालवून दमवले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. इमारती इतक्या प्रचंड आहेत की समोर दिसणारे हॉटेल पाच मिनिटांवर वाटते आणि प्रत्यक्षात पंचवीस मिनिटे लागतात. बऱ्याच चौकांत रस्ता थेट ओलांडता येत नाही. सरकत्या जिन्याने वर जाऊन पुलावरून पलीकडे उतरावे लागते. हॉटेलच्या दारापासून खोलीच्या लिफ्टपर्यंतच निम्मी चाल होते. बाबांचा गुडघा दुसऱ्या दिवशी सुजला. मग आम्ही ड्यूस नावाच्या दुमजली बसचा दिवसभराचा पास काढला. ही बस स्ट्रिपवर चोवीस तास धावते, आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की आई-बाबांना बसल्या बसल्या सारे दिसत होते. मँडले बे ते एक्सकॅलिबर आणि पार्क एमजीएम ते बेलाजिओ या हॉटेलांदरम्यान मोफत ट्रामही आहेत, त्याही ध्यानात ठेवाव्यात.

हॉटेलातल्या कॅसिनोत, म्हणजे जुगाराच्या भागात, धूम्रपानाला परवानगी आहे आणि लिफ्टकडे जाणारी वाट बहुधा तिथूनच जाते. आईला दम्याचा त्रास असल्याने ही बाब मला आधी कळायला हवी होती. पार्क एमजीएम २०२० पासून संपूर्ण धूरमुक्त आहे. वयस्कर माणसे बरोबर असतील तर मी तेच सुचवीन. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, घोळणा फुटतो. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या दुकानातून घेऊन याव्यात.

जेवणाचे म्हणाल तर भारतीय उपाहारगृहे आहेत, पण रोज दोन्ही वेळा ते जमत नाही. पुष्कळ हॉटेलांच्या खोलीत किटली नसते. फ्रिज असलाच तर तो विक्रीच्या वस्तूंनी भरलेला असतो, आणि त्यातली वस्तू नुसती उचलून जागची हलवली तरी बिलात चढू शकते. आम्ही लहानशी विजेची किटली घेऊन जावे की नाही याची हॉटेलकडे फोनवर चौकशी केली, तेव्हा त्यांनी गरम पाणी आणून देण्याची तयारी दाखवली. त्या पाण्यात भिजवलेले पोहे आणि सोबतच्या दशम्या यांवर आईच्या तीन सकाळी निभावल्या.

आणि तुमच्या आईंच्या अस्वस्थतेविषयी. बेलाजिओच्या दालनात शिरल्यावर मान वर करून पाहायला सांगा. छताला डेल चिहुली या कलाकाराने घडवलेली सुमारे २००० काचेची फुले आहेत, प्रत्येक फुंकून केलेले. माझी आई तिथे पंधरा मिनिटे मान वर करून उभी होती, आणि शेवटी म्हणाली, “ही धुळीपासून पुसतात कशी गं?” पलीकडच्या फुलांच्या दालनात ऋतूप्रमाणे सारी मांडणी बदलतात, आणि बाहेर संध्याकाळनंतर दर पंधरा मिनिटांनी कारंजी नाचतात. या तिन्ही गोष्टींना एक पैसाही पडत नाही.

पुणे

मी कामानिमित्त जानेवारीतल्या त्या प्रदर्शनाला गेलो होतो. खेळण्यासाठी २०० डॉलर बाजूला काढले होते, चार रात्री पुरवायचे असे ठरवून. ते पहिल्याच रात्री चाळीस मिनिटांत गेले. त्यानंतर मी तिथल्याच एटीएममधून आणखी २०० काढले, वर शुल्क भरले, आणि तेही घालवले. ही गोष्ट मी घरी बरेच दिवस सांगितली नव्हती. इथे लिहितो आहे, कारण कुणाला तरी ती आधी कळावी.

टेबलाशी पहिल्यांदा गेल्यावर मी नोटा डीलरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या, हातात देऊ लागलो. त्याने हात मागे घेतला आणि टेबलाकडे बोट दाखवले. पैसे हातात घ्यायचे नसतात. नोटा हिरव्या कापडावर ठेवायच्या. तो त्या एकेक करून वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरतो, चिपांचे गठ्ठे मोजून समोर सरकवतो, आणि मग एका चपट्या पट्टीने त्या नोटा टेबलातल्या फटीत ढकलून देतो. लाल चिप ५ ची, हिरवी २५ ची, काळी १०० ची. नोटा त्या फटीत गेल्या की पैसे खर्च होत असल्याची जाणीवही त्यांच्याबरोबर जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

गणित मी नंतर समजून घेतले. ते आधी घ्यायला हवे होते. चेंडू कोणत्या कप्प्यात पडेल यावर पैसे लावायच्या अमेरिकी रूलेटच्या चाकावर १ ते ३६ आकडे आणि शिवाय ० व ०० असे ३८ कप्पे असतात. पण एका आकड्यावर लावलेल्या डॉलरला जिंकल्यावर तो डॉलर परत आणि वर ३५ डॉलरच मिळतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी ५.२६ कॅसिनोकडे राहतात. एकच शून्य असलेल्या चाकावर हे प्रमाण २.७० वर येते, आणि स्ट्रिपवर अलीकडे दिसणाऱ्या तीन शून्यांच्या चाकावर ७.६९ वर जाते. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर कापडावरची अक्षरे वाचावीत. जिथे ३:२ लिहिलेले असते तिथे ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचे पान) लागल्यावर दहा डॉलरला पंधरा मिळतात; ६:५ असेल तर बाराच. कमी रकमेची बहुतेक टेबले दुसऱ्या प्रकारची असतात, आणि नवखा माणूस नेमका तिथेच बसतो.

खेळायचेच असेल तर रोजची रक्कम वेगवेगळ्या पाकिटांत घालून ठेवावी, एका वेळी एकच पाकीट घेऊन खाली उतरावे आणि कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवावे. पुढच्या खेपेला मी असे केले. पन्नास डॉलरचे एक पाकीट न उघडता परत आणले.

शिकागो

फुकट तिकिटांविषयी सावध करतो. एका मॉलच्या दाराशी हसतमुख बाईंनी आम्हाला एका मोठ्या कार्यक्रमाची दोन तिकिटे ‘भेट’ देऊ केली. अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर एक माहिती ऐकायची. तो तास साडेतीन तासांचा झाला. सुट्टीच्या घराचे वाटे विकणारे ते लोक होते, आणि एक नाही म्हटले की दुसरा, दुसरा थकला की तिसरा, असे समोर येऊन बसत होते. आम्ही सही केली नाही, पण सहलीची एक सकाळ गेली आणि पत्नीशी विनाकारण वाद झाला तो वेगळाच. रस्त्यावर वेशभूषा करून उभे असलेले लोकही फोटोनंतर पैसे मागतात. मुलांना हे आधी समजावून ठेवावे.

फिनिक्स

आम्ही मोटारीने मुलांना घेऊन दोनदा गेलो आहोत. २१ वर्षांखालच्या व्यक्तीला कॅसिनोच्या भागातून पलीकडे जाता येते, पण तिथे थांबता येत नाही. माझी मुलगी एका मशीनच्या दिव्यांकडे पाहत क्षणभर उभी राहिली, तर सुरक्षा कर्मचारी लगेच आला. सौजन्याने बोलला, पण पुढे चला म्हणाला. सात वर्षांच्या मुलासाठी मँडले बे मधले शार्क रीफ मत्स्यालय चांगले आहे. व्हेनेशियन हॉटेलातली गोंडोला, म्हणजे होडीची फेरी, त्याला आवडेल, पण ती महाग आहे आणि लवकर संपते.

माझ्या मते मूल बरोबर असेल तर एक पूर्ण दिवस शहराबाहेर काढावाच. रेड रॉक कॅन्यन अर्ध्या तासावर आहे. तिथल्या १३ मैलांच्या फेरीच्या रस्त्यावर ऑक्टोबर ते मे या काळात मोटारीने जायचे तर वेळेचे आरक्षण लागते, त्यामुळे एप्रिलसाठी ते आधी करून ठेवा. ग्रँड कॅन्यनबाबत आमची फसगत आमच्याच अज्ञानाने झाली. राष्ट्रीय उद्यानाचा वार्षिक पास घेऊन आम्ही काचेच्या स्कायवॉककडे, म्हणजे पश्चिम कड्याला गेलो. ती जमीन ह्वालपाय या मूळ निवासी जमातीची आहे आणि तिथे तो पास चालत नाही. पाच जणांची तिकिटे नव्याने काढावी लागली. राष्ट्रीय उद्यानाचा दक्षिण कडा व्हेगसपासून साडेचार तासांवर आहे. वयस्कर माणसांसह तो एका दिवसात करू नये.

तुमच्या बाबांसाठी हूवर धरण मात्र चुकवू नका. ७२६ फूट उंचीचे हे काँक्रीटचे धरण १९३५ मध्ये पूर्ण झाले, आणि नेवाडा व ॲरिझोनाची सीमा बरोबर त्याच्या माथ्यावरून जाते. पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन घड्याळे आहेत. एक नेवाडाची वेळ दाखवते, दुसरे ॲरिझोनाची. सकाळी नऊच्या आत पोहोचावे, नंतर मोटार लावायला जागा मिळत नाही. धरणासमोरच्या पुलावरच्या पादचारी मार्गावरून संपूर्ण भिंत समोर दिसते, पण तिथे वारा फार असतो, टोपी सांभाळावी.

ठाणे

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाताना प्रवेशाचेच पैसे भरावे लागतात आणि जेवण त्यात धरलेले असते. त्याची सवय असलेल्या माझ्या भावाला व्हेगसमध्ये नुसते चालत चालत कॅसिनोत शिरता येते, याचे नवल वाटले होते. मी मुलीकडे पर्यटक व्हिसावर गेले असताना स्लॉट मशीनवर मला १५०० डॉलर लागले. मशीन बंद झाले, बाई आल्या, पासपोर्ट मागितला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे १२०० किंवा त्याहून अधिक लागले की कागदपत्रे होत, आणि परदेशी नागरिक म्हणून माझे ३० टक्के कराचे, म्हणजे ४५० डॉलर, जागेवर कापले गेले. आधी हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. पासपोर्टची नुसती झेरॉक्स चालली नाही. मूळ प्रत खोलीतून आणेपर्यंत अर्धा तास गेला.

सिअ‍ॅटल

सर्वांचे मनापासून आभार. रविवार ते बुधवार अशी तिकिटे काढली आहेत आणि धूरमुक्त हॉटेलात शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. रिसॉर्ट फी आणि करासह अंतिम आकडा पाहूनच. सोमवारची सकाळ धरणासाठी राखली आहे, मंगळवारी रेड रॉकचे नऊचे आरक्षण मिळाले. पाकिटे आम्ही दोघांनी प्रत्येकी तीन केली आहेत, वीस-वीस डॉलरची. आईला काचेच्या फुलांचा मजकूर फोनवर वाचून दाखवला, तेव्हा तिने किती उंचावर आहेत ते विचारले आणि मेतकूट घेऊन येते म्हणाली.

बाबांना घड्याळांविषयी सांगितले. उन्हाळ्यात नेवाडा घड्याळ तासभर पुढे करते आणि ॲरिझोना करत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये दोन्हींवर एकच वेळ दिसेल, हेही सांगितले. त्यावर ते म्हणाले की वेळ राहू दे, सांडव्याचा बोगदा किती फूट व्यासाचा आहे ते आधी विचारून ठेव, आणि भिंतीच्या आत उतरण्याच्या फेरीचे तिकीट माझे एकट्याचे तरी काढ.