शरीरात कशाशीही संयोग न पावणाऱ्या झेनॉनने भूल कशी चढते?

जिज्ञासू_वाचक

झेनॉन, हेलियम, अरगॉन यांसारख्या राजवायूंच्या अणूंचे बाह्यतम कवच पूर्ण भरलेले असल्यामुळे ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत, हे आपण शाळेत शिकतो. १९६२ पासून झेनॉनची संयुगे प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागली, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यासाठी लागणारी तीव्र ऑक्सिडीकारके शरीरात नसतात. असे असूनही झेनॉन देऊन शस्त्रक्रिया केल्या जातात. मग हा वायू केवळ ऑक्सिजनची जागा घेऊन माणसाला बेशुद्ध करतो का? आणि झेनॉनने भूल चढत असेल, तर हेलियमने का चढत नाही? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

भूलशास्त्र_अभ्यासक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, आणि हा भेद जिवाशी निगडित असल्यामुळे तो आधी सांगतो. झेनॉनची भूल देताना मिश्रणात साधारण एक तृतीयांश, म्हणजे हवेतल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन असतो. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण उत्तम असूनही रुग्ण झोपतो. त्वचेला छेद दिल्यावर निम्मे रुग्ण हालचाल करत नाहीत, ती मात्रा झेनॉनच्या बाबतीत सुमारे ६३ ते ७१ टक्के इतकी मोजली गेली आहे. माणसावर याचा पहिला वापर कलन आणि ग्रॉस यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

याउलट बंदिस्त टाकीत अरगॉन साचून कामगार कोसळतो, तेव्हा ती भूल नसून गुदमरणे असते. श्वास घेण्याची तीव्र निकड मुख्यतः रक्तात वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे जाणवते. अशा टाकीत तो वायू उच्छ्वासावाटे बाहेर पडतच राहतो, त्यामुळे शरीर धोक्याची सूचना देत नाही. म्हणून अशा जागी उतरण्यापूर्वी ऑक्सिजनमापकाने हवा तपासणे अनिवार्य मानले जाते. वाचविण्यासाठी मागोमाग धावून गेलेल्या सहकाऱ्याचाही त्यात बळी जाऊ शकतो.

रेणूंचा_मागोवा

आता यंत्रणेकडे वळू. मायर आणि ओव्हर्टन या शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्वतंत्रपणे असे आढळले की जो पदार्थ तेलात जितका अधिक विरघळतो, तितकी त्याची भूल देण्याची शक्ती अधिक असते. राजवायू याच क्रमात बसतात. उंदरांवरील प्रयोगांत झेनॉनला सुमारे १ वातावरण दाब (म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेइतका दाब) पुरतो, क्रिप्टॉनला साधारण साडेचार आणि अरगॉनला सुमारे १५ वातावरण दाब लागतो. हेलियमची भूल तर दिसूनच येत नाही. झेनॉनमध्ये ५४ इलेक्ट्रॉन असून त्यांतले बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकाने सैलसर धरलेले असतात, त्यामुळे शेजारच्या रेणूच्या प्रभावाने त्यांचा ढग क्षणभर एका बाजूला कलतो आणि क्षीण आकर्षण निर्माण होते. हेलियमचे दोनच इलेक्ट्रॉन असतात आणि ते घट्ट बांधलेले असतात. भूल चढण्यासाठी रासायनिक बंधाची गरज नसते, एवढे ओढीचे बळ पुरते. मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

ही ओढ नेमकी कोठे काम करते, याविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद होते. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९६१ मध्ये असे मांडले होते की मेंदूत या वायूंभोवती पाण्याच्या रेणूंचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात; कल्पना देखणी होती, पण ती टिकली नाही. १९६५ मध्ये मायोग्लोबिन या प्रथिनाच्या अंतर्भागातील एका पोकळीत झेनॉनचा अणू बसलेला क्ष-किरणांच्या साह्याने दिसला. पुढे १९९८ मध्ये निक फ्रँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की झेनॉन मेंदूतील एनएमडीए ग्राहींना, म्हणजे चेतापेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या एका प्रकारच्या प्रथिनांना, रोखतो. चेतापेशींना उत्तेजित करणारा ग्लुटामेट याच ग्राहींवर काम करतो. ग्राही उघडण्यासाठी ग्लायसीन हे अमिनो आम्लही लागते, आणि झेनॉन त्या ग्लायसीनच्या जागी स्पर्धा करतो, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. शरीर झेनॉनचे विघटन करत नाही. तो जसा आत जातो तसाच उच्छ्वासावाटे बाहेर पडतो.

खोल_पाणी

खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. सुमारे ३० मीटर खोलीपासून हवेतील नायट्रोजनची धुंदी जाणवू लागते. साधी बेरीजही चुकते आणि स्वतःचा निर्णय अचूक असल्याचा खोटा विश्वास वाटतो. या धुंदीचे कारण नायट्रोजन हेच आहे, असे बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये मांडले. म्हणून खोल बुडीसाठी हेलियम मिसळतात. परंतु साधारण १५० मीटरच्या पलीकडे, विशेषतः झपाट्याने खाली गेल्यास, हात थरथरू लागतात. हा परिणाम दाबाचा असतो. अशा वेळी मिश्रणात थोडा नायट्रोजन मुद्दाम घातला, तर त्याच्या सौम्य भुलीमुळे थरथर कमी होते. याची उलट बाजूही पाहण्यात आली आहे: मद्यार्काने निश्चेष्ट झालेले बेडकांचे डिंभ (शेपटी असलेली पिल्ले) शंभराहून अधिक वातावरण दाबाखाली पुन्हा पोहू लागल्याचे १९५० मध्ये नोंदवले गेले.

जिज्ञासू_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मग प्रत्येक शस्त्रक्रियागृहात झेनॉन का दिसत नाही?

भूलशास्त्र_अभ्यासक

मुख्य कारण दुर्मिळता. हवेच्या सुमारे १ कोटी १५ लाख भागांत त्याचा एक भाग असतो, त्यामुळे तो अतिशय महाग पडतो आणि उच्छ्वासातला वायू पुन्हा वापरणारी बंदिस्त यंत्रणा लागते. त्याचे गुण मोठे आहेत. तो रक्तात फारच कमी विरघळतो, त्यामुळे भूल काही मिनिटांत उतरते, आणि रक्तदाबही बऱ्यापैकी स्थिर राहतो. मात्र शस्त्रक्रियेनंतर मळमळ होण्याचे प्रमाण प्रोपोफॉल या शिरेतून दिल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधाच्या तुलनेत जास्त आढळले आहे. मेंदूच्या संरक्षणासाठीही त्याची चाचणी झाली आहे. हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ११० रुग्णांवरील फिनलंडमधील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झेनॉन मिळालेल्यांच्या मेंदूतील श्वेतद्रव्याची (चेतातंतूंच्या भागाची) हानी कमी दिसली, परंतु सहा महिन्यांतील मृत्युदरातील फरक सांख्यिकीदृष्ट्या ठोस नव्हता. त्यामुळे माझ्या मते या उपयोगासाठी त्याची शिफारस करण्यापूर्वी अधिक मोठ्या चाचण्यांची वाट पाहणेच योग्य ठरेल.