‘आवाज वाढव’ म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

परभणी: गावातल्या बाया जात्यावरच्या ओव्या ऑडॅसिटीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये, भरायल्यात. त्यांच्यासाठी पानभर सूचना लिहितोय. ‘रेकॉर्डिंग लेव्हल’ला काय लिहू? ‘आवाज’ लिहिलं की त्या स्पीकरचं बटण फिरवतात. रेकॉर्डिंगला ‘ध्वनिमुद्रण’, प्रोजेक्टला ‘प्रकल्प’, एक्सपोर्टला ‘निर्यात’ चालतील का?

लातूर: ‘ध्वनिमुद्रण’ आकाशवाणीच्या पत्रात शोभतं. आपल्याकडं ‘कॅसेट भरून घे’ म्हणायचेच की! ‘आवाज भरणे’ लिहा. लेव्हलला ‘माईकची पातळी’ आणि कानावर पडतो तो ‘ऐकण्याचा आवाज’. माईकचं चित्र असलेला स्लायडर भरण्याचा, स्पीकरचं चित्र असलेला ऐकण्याचा. ऐकण्याचा पार शून्यावर नेला तरी भरण्यात फरक पडत नाही. माईकची पातळी मात्र जास्त झाली की पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या लाटांचे शेंडे सपाट कापले जातात. मागून आवाज कमी केला तरी ते परत येत नाहीत. म्हणून आधी एक ओवी चढ्या सुरात म्हणायला लावा. जात्याच्या घरघरीसकट पातळी दाखवणारा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला की पातळी जमली.

नांदेड: त्या सपाट होण्याला, म्हणजे क्लिपिंगला, ‘छेदन’ वगैरे करू नका. ‘आवाज फाटायलाय’ हे लग्नातल्या भोंग्यांनी सगळ्यांना शिकवलंय.

बीड: ‘प्रकल्प’ नको हो! आमच्याकडं प्रकल्प म्हटलं की माजलगाव नाहीतर मांजरा, आणि पुढचा प्रश्न पाणीसाठा किती टक्के. ‘प्रोजेक्ट’च राहू द्या. पण एक लिहाच: प्रोजेक्ट सेव्ह केल्यावर एयूपी३ फाइल होते, ती फोनवर वाजत नाही. लेकीला व्हॉट्सॲपवर ओवी पाठवायची तर एमपी३ लागते. ‘निर्यात’ कांद्याची. एमपी३ ‘काढायची’, झेरॉक्स काढतात तशी.

परभणी: भरणे, फाटणे, काढणे, तिन्ही घेतो. ‘रेकॉर्डिंग डिव्हाइस’चं काय?

लातूर: अर्थ ‘कोणत्या माईकातून’ एवढाच. पण ‘ऑडिओ सेटअप’च्या यादीत पडद्यावर जे शब्द दिसतात तेही शेजारी द्या, नाहीतर बाई तिथं मराठी शोधत बसेल. यूएसबी माईक ऑडॅसिटी उघडण्याआधी जोडायला सांगा. मागून जोडला तर त्याच यादीतलं ‘रिस्कॅन’ दाबावं लागतं. आणि भरताना रेघ सपाटच चालली तर विंडोजच्या सेटिंगमध्ये माईकची परवानगी बंद आहे का, ते आधी बघा.